कंसातली नावे

आमच्या घरी ‘तयारी’ हा शब्द पूर्वी दोनच गोष्टींसाठी वापरला जाई. एक पावसाळ्याची आणि दुसरी लग्नाची. पहिलीत राब भाजणे, कौले चाळणे, सुकी मासळी डब्यात भरून ठेवणे ही कामे येत आणि दुसरीत मुख्यतः कर्ज काढणे. गेली तीन वर्षे मात्र नुसते ‘तयारी’ म्हटले की ती माझी असते. ‘‘पोरगी काय करते?’’ असे कोणी विचारले की आई सांगते, ‘‘कॉलेज करते नि तयारी करते.’’ कसली तयारी, असे पुढे कोणी विचारत नाही. प्रत्येकाच्या घरी एक तरी तयारी करणारा असतोच.

आमच्या वर्गाचेच पाहा. तृतीय वर्ष कला, विषय मराठी. पहिल्या बाकावरच्या दोघी पोलीस भरतीसाठी पहाटे उठून पळतात. मुलींना आठशे मीटर पळावे लागते, वीस गुणांसाठी. शंभर मीटर आणि गोळाफेक यांना पंधरा-पंधरा. पळून आल्यामुळे दोघींना पहिल्या तासाला हटकून झोप येते आणि सरांना वाटते, संतसाहित्यातच काही कमी आहे. मागच्या बाकावरचा एक जण विमानतळावरच्या नोकरीचा कोर्स करतो. तिथे उभे कसे राहायचे, हसायचे कसे हे शिकवतात. फी ऐकून मात्र हसू येत नाही. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली, त्या दिवशी तो पहाटेच घराबाहेर पडला होता. कुठे गेला होतास म्हणून नंतर विचारले, तर म्हणाला, ‘‘बघायला. कुंपणाच्या बाहेरून.’’ उरलेल्यांपैकी निम्मे एमपीएससीचे नाव घेतात आणि जे कसलेच नाव घेत नाहीत, ते गुपचूप बँकेचे करीत असतात असा माझा अनुभव आहे.

मी तलाठ्याची तयारी करते. खरे म्हणजे आता तलाठी म्हणू नये. २०२४ मध्ये सरकारने या पदाचे नाव बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे केले. आजीला हे सांगितले तेव्हा तिने विचारले, ‘‘मंग तलाठी कुठं गेला?’’ कुठे नाही ग, तोच तो, म्हटले. ‘‘मंग नाव कशाला बदललं? काय केलंन त्यानं?’’ आजीच्या मते काहीतरी केल्याखेरीज माणसावर नाव बदलायची वेळ येत नाही. बाईची गोष्ट वेगळी.

तलाठीच का, असे मला एका शिक्षकांनी विचारले होते. गावाची सेवा वगैरे मी तेव्हा सांगून टाकले. मुलाखतीत तसेच सांगावे लागते म्हणे. इथे खरे लिहिले तरी चालेल. लहानपणी मी पाहिलेला पहिला सरकारी माणूस म्हणजे तलाठी. माझे बाबा मोठ्या आवाजाचे. हाक मारली तर पलीकडच्या आळीत ऐकू जाते. पण तलाठीभाऊसाहेबांपुढे उभे राहिले की त्यांचा आवाज निम्मा होई आणि दर वाक्याला ‘साहेब’ लागे. आपल्यापुढेही कोणाचा तरी आवाज असा खाली यावा, ही माझी इच्छा होती. समाजसेवेच्या मुळाशी अशा गोष्टी असतात की काय, कोण जाणे.

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि त्यांना दहा लाखांहून अधिक अर्ज आले. एका जागेमागे दोनशेहून जास्त माणसे झाली. खुल्या वर्गाला फी हजार रुपये. शंभर प्रश्न, दोनशे गुण. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन. परीक्षा कित्येक दिवस, कित्येक सत्रांत चालली. सगळ्यांच्या प्रश्नपत्रिका सारख्या अवघड नसतात म्हणून गुणांचे सामान्यीकरण केले आणि २०२४ च्या जानेवारीत यादी लागली, तेव्हा दोनशेपैकी २१४ गुण मिळवणारा उमेदवारही निघाला. तेव्हापासून आमच्या अभ्यासिकेत कोणाला सराव परीक्षेत पैकीच्या पैकी पडले तरी शेजारचा विचारतो, ‘‘एवढेच?’’ मी त्या वेळी नुकतीच प्रथम वर्षाला आले होते. पदवी नसल्याने अर्ज करता आला नाही. त्याचे वाईट वाटण्याऐवजी सुटल्यासारखे वाटले, हेही लिहून टाकते.

आमचे गाव नेऱ्याच्याही पुढे, प्रबळगडाच्या बाजूला. सकाळी मिनीडोर भरली की निघते, भरली नाही तर निघत नाही. त्यामुळे माझ्या वेळापत्रकाची पहिली ओळ कायम कच्ची असते. पावसाळ्यात गाढी नदीला पाणी चढले की ती ओळ पुसूनच टाकायची. बारापर्यंत कॉलेज, दुपारी एक ते सहा दुकान, मग टंकलेखनाचा क्लास. लिपिकाच्या पदांना मराठी टंकलेखन मिनिटाला तीस शब्द लागते. तलाठी नाही तर लिपिक, असा माझा दुसरा बेत आहे. घरी पोचेपर्यंत अंधार होतो. जेवून पुस्तक उघडले की डोळ्यांपुढे अक्षरांऐवजी मिनीडोरचे दिवे नाचतात. तयारी करणाऱ्यांची दिनचर्या वर्तमानपत्रात छापून येते, त्यात ‘रोज बारा तास अभ्यास’ असे असते. त्यांच्या गावाला मिनीडोर नसावी.

या साऱ्यात मला अधिक शिकवले ते दुकानाने. पनवेलच्या तहसील कचेरीच्या आसपास अशी दुकाने आहेत. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, प्रतिज्ञापत्र, सगळे एका फळीवर लिहिलेले असते. आमच्या दुकानाचे नाव सांगत नाही. मालकांनी अंक वाचला तर पगाराची बोलणी निघायची. माझे काम फॉर्म भरण्याचे. माझ्यासारखेच तयारी करणारे समोर येऊन बसतात. मी त्यांचे नाव, आईचे नाव, जात, जन्मतारीख भरते, फोटो इतक्या केबीच्या आत बसवते, काळ्या शाईने सही घेते. नावातल्या एका वेलांटीपायी दहावीच्या आणि आधारच्या कागदात तंटा असतो, तो सोडवायला माणूस दोन-दोन महिने फिरतो. एक गृहस्थ दर जाहिरातीला येतात. खुल्या वर्गाला अडतीस, मागासवर्गीयांना त्रेचाळीस ही वयाची मर्यादा. जन्मतारीख सांगताना ते दर वेळी किंचित थांबतात. मी मान खाली घालून थांबते. मग ते सांगतात, ती गेल्या वेळचीच असते.

भरतीच्या जाहिराती नसतील तेव्हा दुकानाचा धंदा मसुद्यांवर चालतो. भाडेकरार, प्रतिज्ञापत्र आणि आमच्या भागात सर्वांत जास्त म्हणजे हक्कसोडपत्र. वडिलांच्या मागे जमिनीवर मुलांची आणि मुलींची, सगळ्यांची नावे लागतात. त्यातल्या कोणी आपला हिस्सा सोडला, तर त्याचा हा दस्त. त्याला पूर्वी दोनशे रुपयांचा मुद्रांक लागे, २०२४ च्या ऑक्टोबरपासून पाचशेचा लागतो. दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्यावर तो तलाठ्याकडे जातो, फेरफार पडतो आणि नाव कमी होते. संगणकात मसुदा तयार असतो. नावे, गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा तेवढ्या बदलायच्या. ‘सदरचे हक्कसोडपत्र मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता लिहून देत आहे’ हे वाक्य टंकावेही लागत नाही. ते आधीपासून तिथे असतेच.

असे तीसेक मसुदे माझ्या हातून गेले असतील. लिहून देणाऱ्यांत दोन पुरुष होते, बाकी साऱ्या बायका. दुकानात त्या मागच्या बाकावर बसत. भाऊ काउंटरवर उभा राहून बोलत असे. एकीने मला विचारले होते, ‘‘बाय, किती वेळ लागंल? माझी गाडी हाय पाचाची.’’ मी म्हटले, पाच मिनिटे. तितकीच लागली.

इकडे मी गाव नमुने पाठ करीत होते. महसुलाचे गाव नमुने एक ते एकवीस. त्यातले परीक्षेत हमखास येणारे म्हणजे सहा, सात, बारा आणि आठ-अ. सहा म्हणजे फेरफार नोंदवही. सात म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाची ते. बारा म्हणजे पिकांची नोंदवही. सात आणि बारा मिळून सातबारा. आठ-अ म्हणजे खातेदाराचे खाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५०: हक्काची खबर आली की तलाठ्याने सहामध्ये नोंद करायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीला पंधरा दिवस ठेवायचे, मग मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची. मी हे चालीवर म्हणत असे. आजी म्हणे, आरतीसारखं वाटतं.

एक गोष्ट पुस्तकात एका ओळीत होती. सातबाऱ्यावरचे नाव कमी झाले की ते पुसून टाकत नाहीत, त्याला कंस करतात. पुसले तर वाचता येत नाही. कंसात राहिले तर पूर्वी इथे कोण होते ते दिसते. मला ही पद्धत फार सभ्य वाटली आणि मी ती पेन्सिलीने अधोरेखित करून पुढे गेले.

मग एकदा दुकानात गर्दी नव्हती तेव्हा हौसेने आमचाच सातबारा काढून पाहिला. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. आमची जमीन अडतीस गुंठे, दोन खाचरे. पणजोबा ती कूळ म्हणून कसत. कूळकायद्याने ती आमची झाली. पावसाळ्यात भात, मागून वाल. बाराव्या नमुन्यातली ती पिके २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर शेतकऱ्यानेच नोंदवायची असतात. बाबांच्या बोटांना तो फोन दाद देत नाही, म्हणून खाचरात उभी राहून फोटो काढून मीच नोंदवते. तेव्हा एका अर्थी तलाठ्याचे थोडे काम मी करतेच. सातव्या नमुन्यावर सर्वांत वर आजोबांचे नाव होते, कंसात. आजोबा जाऊन बारा वर्षे झाली. पण त्या दोन वाकड्या रेघांमध्ये त्यांना पाहून उगीच वाटले की ते दाराआड उभे आहेत. त्यांच्याखाली पाच नावे: आजी, बाबा, काका, मोठी आत्या, धाकटी आत्या. आत्यांची नावे माहेरची आणि सासरची अशी दोन्ही लावून एवढी लांब झाली होती की ओळीत मावत नव्हती.

त्या पाचांचा हिस्सा कायद्याने सारखा. साडेसात गुंठ्यांहून थोडा अधिक. मुलीच्या हक्काच्या तारखा मी पाठ केलेल्या आहेत. महाराष्ट्राचा कायदा २२ जून १९९४, केंद्राचा ९ सप्टेंबर २००५ आणि वडील केव्हा वारले याचा विचार न करता मुलीचा हक्क जन्मापासूनचा, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ ऑगस्ट २०२०. आमच्या वाचनालयात वाचताना शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्तीची मोहीमही सापडली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या हाताने बायकोच्या नावावर जमीन केली आणि १९९२ मध्ये सरकारलाही त्यासाठी आदेश काढावा लागला. मी बाबांना विचारले, तुम्ही हे ऐकले होते का? बाबा वाल निवडत होते. म्हणाले, ‘‘आपल्याकडं नाय आलं ते.’’

आमच्याकडे आली ती नैना. २०१३ मध्ये विमानतळाभोवतालच्या गावांचे नियोजन सिडकोकडे गेले आणि ‘नैना’ हे मुलीसारखे नाव आमच्या पाठी लागले. खाचरांतून तारांची कुंपणे आली, फार्महाऊसच्या पाट्या आल्या. गाड्यांतून माणसे येऊन बाबांना ‘शेठ’ म्हणू लागली. ज्या आवाजाची मला इच्छा होती, तो आवाज बाबांपुढे असा फुकट खाली येऊ लागला. बाबा विकायला तयार नव्हते आणि नाहीत. पण एकाने त्यांच्या डोक्यात घातले की सातबारा आधी स्वच्छ करून ठेवा, बहिणींची नावे कमी करून घ्या, पुढे त्रास नको.

बाबांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगते. तीस वर्षे ती खाचरे त्यांनी कसली. धाकट्या आत्याच्या लग्नाचे कर्ज मी सातवीत असेपर्यंत चालू होते, आमच्या घरावरचे पत्रे त्यामुळेच तीन वर्षे उशिरा आले. दर वर्षी वाल झाले की दोन्ही बहिणींना पायली-पायली पोचवल्याखेरीज ते आपल्या घरात शिजू देत नाहीत. बहिणींचा हिस्सा मारायचा असा विचार त्यांच्या मनात आला असेल असे मला वाटत नाही. हिस्सा असतो, हेच त्यांच्या मनात आलेले नाही. दोन्ही आत्यांनाही ते तसेच वाटत होते. सही करायची ती माहेर राहावे म्हणून. जमीन मागितली की माहेर तुटते.

आजीचे माहेर तर तसेही गेले. विमानतळासाठी जी दहा गावठाणे हलवली, त्यांतले एक तिचे. भरपाईचे भूखंड यायचे होते तेव्हा तिच्या भावांनी तिला गाडी पाठवून नेले, अंगठा घेतला, साडी नेसवली. पुढे गावच उठले. आता आमच्या खाचरात उभे राहिले की रात्री विमानाचे दिवे खाली उतरताना दिसतात. आजी म्हणते, ‘‘तिथं आमची विहीर होती.’’ नेमकी कुठे ते तिला दाखवता येत नाही, आणि आता कोणालाच येणार नाही.

जानेवारीत बाबांनी मला सांगितले, ‘‘तू दुकानात करतेस ना ते कागद, आपला पण एक कर. बाहेर पैसे कशाला द्यायचे?’’ मला अभिमान वाटला. घरातल्या माझ्या तयारीचा हा पहिला उपयोग होता. दुपारच्या वेळी मी मसुदा उघडला, नावे बदलली, गट नंबर घातला, पूर्वेस ओढा, पश्चिमेस रस्ता. पाच मिनिटे लागली. आत्यांची नावे टंकताना मी चुकले नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी पोपटी लावायची म्हणून दोन्ही आत्या आल्या होत्या. रायगडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या कोवळ्या शेंगा, ओवा, मीठ घालून तोंड पाल्यानेच बंद करतात आणि मडके उलटे ठेवून भोवती पेंढा पेटवतात. पाण्याचा थेंब नाही. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. खाचरात सगळे वर्तुळ करून बसले होते. मोठी आत्या पेणच्या बाजूला असते, धाकटी मानखुर्दला. धाकटी एका शाळेत मदतनीस आहे. मुंबईत राहून ती थोडी तुटक बोलते, असे घरात म्हणतात. खाणे झाल्यावर बाबांनी मला कागद आणायला सांगितले.

‘‘वाचून दाखव आत्यांना,’’ काका म्हणाले. ‘‘नायतर म्हणतील, आमाला न सांगता केलं.’’ सगळे हसले.

मी मोबाइलच्या उजेडात वाचू लागले. दुकानात एकदाही मोठ्याने वाचले नव्हते. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘सदर मिळकतीत माझा अथवा माझ्या वारसांचा यापुढे कोणत्याही प्रकारचा हक्क, हितसंबंध राहिलेला नाही.’ माझ्या आवाजात ते माझ्यासमोर बसलेल्या बाईला मी सांगत होते. ती मघाशी माझ्या ताटात सोललेल्या शेंगा टाकीत होती. राजीखुशीने व अक्कलहुशारीने या शब्दांशी आले तेव्हा मी थांबले. का थांबले ते सांगता येत नाही. दुकानातल्या त्या गृहस्थांसारखे झाले असावे. पुढचे ठाऊक असते, तरी थांबायला होते.

मोठी आत्या म्हणाली, ‘‘दे, कुठं करायची सही?’’ मी म्हटले, इथे नाही ग, ती ऑफिसात करायची, निबंधकासमोर. धाकटीने विचारले, ‘‘मग माझं नाव तिथून जाणार?’’

‘‘जाणार नाही,’’ मी म्हटले. मला वाटले, मी तिला धीर देते आहे. ‘‘कंसात राहील. पुसत नाहीत.’’

‘‘आणि तुझं?’’

मला प्रश्न कळायला वेळ लागला. माझा भाऊ बारावीला आहे. तो आगीत काटकी खुपसत बसला होता.

बाबा म्हणाले, ‘‘तिचं काय मधेच?’’

धाकटी आत्या हसली, म्हणाली, ‘‘काय नाय रे दादा, सहज विचारलं.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘ह्याची एक झेरॉक्स दे मला. वाचते घरी. मग सांगते.’’

झेरॉक्स हा शब्द मी दिवसातून शंभर वेळा ऐकते. तो एवढा मोठा असेल असे वाटले नव्हते. बाबा उठले आणि विझत आलेल्या आगीवर पाणी ओतून घराकडे गेले. काकांनी माझ्याकडे पाहून म्हटले, ‘‘एवढं काय समजावून सांगायचं असतं?’’ मी काहीच समजावले नव्हते. परंतु काकांचे अगदीच चुकले असेही मला म्हणता येत नाही. नुसते भरभर वाचून टाकता आले असते. तीस वेळा मी तेच केले होते.

त्या रात्री भांडी घासताना आई म्हणाली, ‘‘मी सही केली तवा कोणी वाचून दाखवलं नव्हतं.’’ आईने सही केली होती हेच मला ठाऊक नव्हते. तिचे माहेर कर्जतकडे, तिथली जमीनही आता रस्त्याला लागली आहे. ‘‘वाचलं असतं तर केली नसतीस?’’ मी विचारले. ती म्हणाली, ‘‘केली असती.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘पण वाचायला पायजे होतं.’’

यानंतर बाबा माझ्याशी बोलेनात. रागाने नव्हे. ते माझ्यापुढे आले की काय बोलावे ते त्यांना सुचत नसे आणि त्यांचा तो मोठा आवाज निम्मा होई. मला हवा होता तो हाच आवाज काय, असे एकदा मनात आले. तयारी मात्र चालू होती, कारण तयारी काही झाले तरी चालूच असते. दुकानात मी आता मसुदा झाला की मागच्या बाकावर जाते आणि वाचून दाखवू का, असे विचारते. बहुतेक जणी नको म्हणतात, गाडी चुकेल म्हणतात. मालकांच्या हे लक्षात आले आहे. अजून काही बोललेले नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी बारावीच्या पात्रतेवरची लिपिकाची एक परीक्षा होती. केंद्र आले पवईला. सकाळी साडेसातला हजर राहायचे म्हणजे पहाटेची लोकल, आणि त्या वेळी गावातून मिनीडोर कुठली? मी कोणाला न सांगता मैत्रिणीकडे झोपायला जायचे ठरवले होते. आदल्या रात्री आई म्हणाली, बाबा सोडतील. पहाटे तीनला उठले तर बाबा अंगणात मोटारसायकल पुसत होते. तासभराच्या वाटेत एक शब्द नाही. थंडी होती. गाढीच्या पुलावर धुके होते. पनवेल स्टेशनच्या बाहेर त्यांनी गाडी लावली आणि हँडलला बांधलेली कापडी पिशवी सोडून माझ्या हातात दिली.

‘‘वाल हायत,’’ म्हणाले. ‘‘धाकटीला यंदा पोचवायचे राहिले. येताना मानखुर्दला उतर.’’

परीक्षेला पिशवी नेता येत नाही, पेनसुद्धा नेता येत नाही, हे मी त्यांना सांगू शकले असते. सांगितले नाही. गाडीत गर्दी नव्हती. पिशवी मांडीवर घेऊन मी गाव नमुने म्हणत गेले. लिपिकाच्या परीक्षेला त्यांचा उपयोग नव्हता, पण तोंडाला सवय झाली आहे. केंद्राच्या दारावरच्या रखवालदाराने पिशवी पाहून विचारले, यात काय? वाल, म्हटले. त्याला मराठी येत नव्हते. मी पिशवी उघडून दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला. नियमात याचे उत्तर नसावे. शेवटी समोरच्या चहावाल्याने वीस रुपये घेऊन ती बाकाखाली ठेवली.

पेपर बरा गेला. बुद्धिमापनातली आठ उदाहरणे राहिली.

मानखुर्दला आत्याचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दार उघडल्यावर तिने आधी माझ्या हाताकडे पाहिले.

‘‘कागद पाठवला का दादानं?’’

‘‘नाही. वाल पाठवलेत.’’

तिने पिशवी घेतली, परातीत ओतली आणि मूठभर घेऊन खिडकीपाशी उजेडात धरले. ‘‘यंदा बारीक आहेत,’’ म्हणाली. ‘‘बस. भिजत घालते.’’